आईची शपथ झाली, मग मुलाचं काय? भारतात जन्मलेल्या मुलांची अमेरिकन सिटिझनशिप, सोप्या भाषेत

माझी ओथ, म्हणजे अमेरिकन नागरिकत्वाची शपथ, झाली तेव्हा आमचा मुलगा अकरा वर्षांचा होता. हॉलमध्ये शिरताना टेबलावरच्या बाईंनी माझं ग्रीन कार्ड, म्हणजे अमेरिकेत कायम राहायचा परवाना, काढून घेतलं, हातात एक पाकीट आणि छोटासा झेंडा दिला आणि मला पुढच्या खुर्च्यांवर बसवलं. मुलगा त्याच्या बाबांबरोबर मागे, पाहुण्यांत. उजवा हात वर करायची वेळ आली तेव्हा मी मागे वळून बघितलं तर यानेही हात अर्धा वर केलेला आणि बाबांच्या तोंडाकडे बघतोय, की मी पण करायचा का? बाबांनी हळूच त्याचा हात खाली घेतला.

आम्हाला दोघांनाही तेव्हा माहीत नव्हतं की त्याच मिनिटाला, मागच्या रांगेत बसल्या बसल्या, तोही अमेरिकन नागरिक झाला होता. कुणी सांगितलं नाही, त्याच्या नावाचा कुठला कागद आला नाही, त्याचं ग्रीन कार्ड माझ्या पर्समध्ये होतं तिथेच राहिलं. जवळजवळ तीन वर्षांनी त्याला चौदावं पूर्ण होतंय म्हणून मी नियमाप्रमाणे नवीन ग्रीन कार्डचा फॉर्म भरायला बसले तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, अगं त्याचं ग्रीन कार्ड कसलं काढतेस, तो तर सिटिझन आहे.

तेव्हापासून हा विषय मी वाचतेय, आणि ओळखीच्या निदान दहाबारा घरांत बसून समजावलाय. मी वकील नाही, पण जे कायद्यात स्पष्ट लिहिलंय ते आपल्या भाषेत सांगता येतं, तेवढं सांगते.

आधी बातम्यांमधला गोंधळ बाजूला काढू

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या नागरिकत्वाबद्दल राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला, तो लगेच कोर्टात गेला, आणि आपल्या सगळ्या ग्रुपांवर घबराट. आमच्या एका ग्रुपवर एकीने विचारलं, माझी मुलगी पुण्यात जन्मली, तिचं आता काय होणार?

तर तो वाद अमेरिकेच्या जमिनीवर जन्मलेल्या मुलांचा आहे. १८६८ सालच्या चौदाव्या घटनादुरुस्तीत म्हटलंय की इथे जन्मलेला आणि इथल्या कायद्याच्या अखत्यारीतला माणूस नागरिक, त्या वाक्याचा अर्थ काय लावायचा हे ते भांडण. अमेरिकेबाहेर जन्मलेल्या मुलांना सिटिझनशिप घटनेच्या त्या वाक्यातून मिळतच नाही, ती संसदेने केलेल्या वेगळ्या कायद्यातून मिळते. त्यामुळे पुण्यात जन्मलेल्या मुलीच्या आईने त्या बातमीने झोप उडवून घ्यायची गरज नाही, तिने बघायचं ते पुढे लिहिलंय.

नागरिक व्हायच्या वाटा किती?

आपल्या घरांपुरत्या बोलायच्या तर तीन. पहिली म्हणजे जन्मतःच, म्हणजे मूल अमेरिकेत जन्मलं, किंवा बाहेर जन्मलं पण जन्माच्या दिवशी आई किंवा बाबा आधीच अमेरिकन नागरिक होते. दुसरी नॅचरलायझेशन, म्हणजे ग्रीन कार्डवर ठरावीक वर्षं राहून, अर्ज करून, परीक्षा देऊन, शपथ घेऊन मोठ्या माणसाने नागरिक होणं. आणि तिसरी, आईबाबा नॅचरलाइझ झाले की अठराच्या आतल्या मुलाला त्यांच्यामागून आपोआप मिळणारी. हिला डेरिव्हेटिव्ह सिटिझनशिप म्हणतात, मी आपली "मागून येणारी" म्हणते.

सगळ्यात जास्त गैरसमज या तिसऱ्या वाटेबद्दल आहेत कारण तिच्यात अर्जच नाही. अर्ज नाही म्हणून पावती नाही, पावती नाही म्हणून लोकांना वाटतं काही झालंच नाही.

मागून येणारी सिटिझनशिप: खाटेचे चार पाय

२००० साली चाइल्ड सिटिझनशिप ॲक्ट नावाचा कायदा झाला आणि २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू झाला. त्यात चार गोष्टी मागितल्यात. मूल अठराच्या आतलं पाहिजे. आईबाबांपैकी निदान एक जण अमेरिकन नागरिक पाहिजे. मुलाकडे स्वतःचं ग्रीन कार्ड पाहिजे. आणि मूल अमेरिकेत, त्या नागरिक झालेल्या पालकाच्या कायदेशीर ताब्यात आणि प्रत्यक्ष त्याच्याबरोबर राहत असलं पाहिजे.

खाटेला चार पाय असतात ना, तसं हे. कुठला पाय आधी लावला याला महत्त्व नाही, पण चारही एकाच वेळी जमिनीला टेकलेले पाहिजेत, आणि ते अठराव्या वाढदिवसाच्या आधी. ज्या क्षणी चौथा पाय टेकला त्या क्षणी मूल नागरिक. बऱ्याचदा शेवटचा पाय म्हणजे आईची किंवा बाबांची शपथ असते. पण उलटंही होतं, बाबा आधीच नागरिक आहेत आणि मूल भारतातून इमिग्रंट व्हिसावर येतंय, तर विमानतळावर ऑफिसरने त्याला कायमचा रहिवासी म्हणून आत घेतलं आणि ते बाबांकडे राहायला आलं की झालं, तिथे चौथा पाय टेकला.

यात ग्रीन कार्डाचा पाय लोक विसरतात. मूल एच-४ वर असेल, म्हणजे आईच्या किंवा बाबांच्या वर्क व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, तर ते इथे दहा वर्षं शाळेत गेलेलं असो, खाट तीन पायांचीच. आणि भारतीयांसाठी ग्रीन कार्डची रांग किती लांब आहे हे मी सांगायला नको, दर वर्षीच्या नोकरीवरच्या ग्रीन कार्डांत एका देशाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे ती रांग हलतच नाही. त्या रांगेत उभं असतानाच मुलं एकवीसची होऊन आईबाबांच्या अर्जातून बाहेर पडतात. ज्या घरात हे झालंय त्यांना विचारा, जे मूल इथेच बालवाडीपासून वाढलं त्याला स्टुडंट व्हिसा काढून स्वतःच्याच गावात परदेशी विद्यार्थी म्हणून कॉलेजला जावं लागतं. याचं मला फार वाईट वाटतं आणि कायदा बदलल्याशिवाय त्यावर इलाज नाही.

पण इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, एकवीस हा आकडा ग्रीन कार्डासाठी, अठरा हा सिटिझनशिपसाठी. ग्रीन कार्डच्या वेळी मुलाचं वय थोडं गोठवून धरणारा एक कायदा आहे, २००२ चा. तो मागून येणाऱ्या सिटिझनशिपला लागत नाही. इथे वय म्हणजे जन्मतारीख, बाकी काही नाही.

अठराव्या वाढदिवसाचं गणित

हे जरा सावकाश वाचा.

ग्रीन कार्ड मिळाल्यावर साधारण पाच वर्षांनी नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, अमेरिकन नागरिकाशी लग्न झालेलं असेल आणि तीन वर्षं त्याच्याबरोबर संसार चालू असेल तर तीन वर्षांनी. अर्ज ९० दिवस आधी टाकता येतो. या अर्जाला एन-४०० म्हणतात. मग बायोमेट्रिक्स, म्हणजे बोटांचे ठसे आणि फोटो, मग इंटरव्ह्यू आणि परीक्षा, मग शपथ. आणि नागरिक होतो तो शपथेच्या दिवशी. अर्ज टाकला त्या दिवशी नाही, इंटरव्ह्यू पास झाला त्या दिवशीही नाही.

आता समजा तुम्हाला सगळ्यांना ग्रीन कार्ड मिळालं तेव्हा मुलगी साडेबारा वर्षांची होती. पाच वर्षांनी ती साडेसतराची. म्हणजे तुमच्या हातात सहा महिने, त्यात इंटरव्ह्यूपण आणि शपथपण. शपथ वाढदिवसाच्या आदल्या दिवशी झाली तर मुलगी नागरिक, वाढदिवसानंतर झाली तर नाही. दोन दिवसांचा फरक. म्हणून अशा घरांनी ९० दिवसांच्या खिडकीचा पहिला दिवस गाठायचा, अर्जाबरोबर मुलाच्या जन्मतारखेचा दाखला जोडून लवकर सुनावणीची लेखी विनंती करायची, आणि इंटरव्ह्यूत ऑफिसरला तोंडी पण सांगायचं की मुलगी अमुक तारखेला अठराची होतेय, त्याआधीची ओथ मिळेल का. विनंती मान्य करणं त्यांच्या मर्जीवर आहे, पण मागितल्याशिवाय कुणी आपणहून देत नाही.

ग्रीन कार्डच्या वेळी मूल तेराच्या पुढे गेलेलं असेल तर पाच वर्षांच्या हिशोबाने हे गणित बसतच नाही. मग? मग रडायचं कारण नाही, कारण मुलाचं स्वतःचं पाच वर्षांचं घड्याळ त्याच दिवसापासून चालू असतं. कार्डं एकाच दिवशीची असतील तर अठरा पूर्ण झालेला मुलगा आईबाबांबरोबर स्वतःचा एन-४०० टाकू शकतो, एकाच टेबलावर बसून तिघांनी फॉर्म भरलेले मी बघितलेत. फक्त मुलाला इंटरव्ह्यू, परीक्षा, फी सगळं वेगळं.

सातबारा आणि फेरफार

माझ्या मुलाचं जे झालं ते मला शेवटी सातबाऱ्यावरून समजलं. गावाकडे वडील गेले की जमिनीचा हक्क मुलांकडे त्याच दिवशी येतो, पण सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव चढवायला अर्ज द्यावा लागतो, तलाठ्याकडे चकरा, मग फेरफार मंजूर. नाव चढलं नाही म्हणून हक्क आला नाही असं नसतं. पण नाव चढवलं नाही तर बँक कर्ज देत नाही आणि वीस वर्षांनी भावाभावांत भांडण लागतं ते वेगळंच.

मागून येणारी सिटिझनशिप अगदी तशीच, मिळते आपोआप, पण सिद्ध करावी लागते. सिद्ध करायचे दोन कागद आहेत. एक अमेरिकन पासपोर्ट. दुसरा सर्टिफिकेट ऑफ सिटिझनशिप, जो एन-६०० हा फॉर्म भरून इमिग्रेशन खात्याकडून, म्हणजे यूएससीआयएसकडून, मिळतो.

आणि हो, तुमच्या एन-४०० मध्ये मुलांची नावं, जन्मतारखा विचारतात ना, ती लिहिली म्हणजे मुलांचाही अर्ज झाला असं फार लोकांना वाटतं. नाही. ती फक्त माहिती असते.

पासपोर्ट मिळतोय तर एन-६०० वर एवढे पैसे कशाला?

हा प्रश्न प्रत्येक घरात येतो आणि तो रास्त आहे. सोळाच्या आतल्या मुलाचा पासपोर्ट साधारण १३५ डॉलरमध्ये होतो, आणि एन-६०० ची फी एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन १,३३५ आणि कागदावर १,३८५ डॉलर आहे. दहापट.

पासपोर्ट आधी काढायचा याबद्दल माझ्या मनात अजिबात शंका नाही. मुलाचा जन्मदाखला, आईचं किंवा बाबांचं नॅचरलायझेशन सर्टिफिकेट, मुलाचं ग्रीन कार्ड, आणि मूल त्या पालकाबरोबर राहतं याचे कागद, म्हणजे शाळेचं पत्र वगैरे, हे घेऊन जायचं. सोळाच्या आत दोन्ही पालकांनी यायचं, नाहीतर न आलेल्याची नोटराइझ केलेली संमती.

पण पासपोर्ट संपतो, मुलाचा तर पाच वर्षांत, सर्टिफिकेट संपत नाही. आणि पासपोर्ट देणारं खातं वेगळं, इमिग्रेशनचं खातं वेगळं. पासपोर्ट निघाला म्हणून इमिग्रेशनच्या रेकॉर्डमध्ये मूल नागरिक दिसायला लागतं असं नाही, तिथे ते ग्रीन कार्डवालंच राहू शकतं. आज मुलगा दहा वर्षांचा आहे, सगळे कागद तुमच्या कपाटात आहेत, तुम्ही हयात आहात. तो पस्तीसचा असेल, पासपोर्ट हरवलेला, सरकारी नोकरीच्या तपासणीत कुणी विचारलं की तू कधी नागरिक झालास, तर त्याने २५ वर्षांपूर्वी तो कुणाच्या ताब्यात आणि कुठल्या घरात राहत होता याचे पुरावे कुठून आणायचे? म्हणून मी म्हणते, जमेल तेव्हा एन-६०० करा. याला वयाची अट नाही, कारण मूल आधीच नागरिक झालेलं असतं, तिशीतही करता येतो. उत्पन्न कमी असेल तर फीमाफीसाठी अर्ज करता येतो. आम्ही पासपोर्ट लगेच काढला आणि एन-६०० दोन वर्षांनी, पैसे साठवून.

तोपर्यंत एक फाइल मात्र करा. शाळेची प्रगतीपुस्तकं, डॉक्टरांच्या नोंदी, मुलाचं नाव असलेले टॅक्स रिटर्न, घराचं लीज, वर्षाला दोन कागद पुरे.

आपल्या नावांचा घोळ

हा भाग बाहेरच्या वकिलांना समजावून सांगता सांगता जीव जातो. आपल्या जन्मदाखल्यावर बऱ्याचदा मुलाचं नावच नसतं, कारण नाव ठेवायच्या आधी हॉस्पिटलमधून नोंद झालेली. आईचं नाव कधी माहेरचं, कधी सासरचं, कधी लग्नात बदललेलं. बाबांचं नाव मुलाच्या मधल्या नावात, आणि इथल्या कागदांवर ते मधलं नाव कधी गायब, कधी आडनावाला चिकटलेलं. समोरच्या माणसाला दिसतं ते एवढंच की दाखल्यावरची आई आणि सर्टिफिकेटवरची आई या दोन वेगळ्या बायका आहेत.

त्यामुळे शपथेच्या आधीच बसून सगळे कागद शेजारी शेजारी मांडा. दाखल्यात नाव नसेल तर नगरपालिकेतून किंवा महापालिकेतून नाव घालून नवीन दाखला आणा, लग्नाचं सर्टिफिकेट शोधा, दाखला फक्त मराठीत असेल तर भाषांतर करणाऱ्याच्या सहीसकट इंग्रजी भाषांतर. आणि तुम्ही नॅचरलायझेशनबरोबर नाव बदलून घेत असाल तर त्या बदलाचा कागद मुलाच्या फाइलमध्ये पहिला ठेवा.

पण आमच्याकडे परिस्थिती वेगळी आहे...

*बाबा भारतीयच राहणार आहेत, मग?* चालतं. एक पालक पुरतो. आमच्याकडे मुलाच्या बाबांनी अजून भारतीय पासपोर्टच ठेवलाय. २७ फेब्रुवारी २००१ च्या आधी बहुतेक वेळा दोन्ही पालक नागरिक व्हावे लागायचे, आणि जुन्या मंडळींच्या डोक्यात तोच नियम बसलाय. त्या तारखेला जे आधीच अठराचे होते त्यांना नवा कायदा लागत नाही, जुना लागतो, हेही ध्यानात ठेवा.

*घटस्फोट झालाय.* मग ताबा कुणाकडे हा कळीचा प्रश्न. संयुक्त ताबा असेल तर सहसा अडचण येत नाही, पण मूल प्रत्यक्ष राहतं त्या पालकाकडे जो नागरिक नाही आणि कोर्टाच्या कागदात नागरिक पालकाचा ताबा नीट लिहिलेला नाही, तर चौथा पाय हवेत. इथे वकील गाठा, स्वतः डोकं चालवू नका.

*सावत्र मूल आहे.* नागरिक झालेला सावत्र बाबा या कायद्यात पालक धरला जात नाही, त्याने कायदेशीर दत्तक घेतल्याशिवाय. आणि दत्तक सर्वसाधारणपणे सोळाच्या आत, शिवाय दोन वर्षांचा ताबा आणि सहवास. भावाचं किंवा बहिणीचं मूल भारतात आपल्या पद्धतीने दत्तक घेऊन मग इथे आणू असं बरेच जण ठरवतात. भारत हेग दत्तक कराराचा, म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात दत्तक देण्याघेण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, सदस्य आहे, त्या प्रक्रियेचा क्रम चुकला की मूल वर्षानुवर्षं तिकडे अडकतं, त्यामुळे दत्तकविधानाच्या आधी वकील, नंतर नाही.

*मूल भारतात आजीकडे शिकतंय.* मग ते अमेरिकेत राहत नाही, चौथा पाय नाही, आपोआप काही होत नाही. पण वेगळा मार्ग आहे, एन-६००के. यात नागरिक आई किंवा बाबा अमेरिकेत प्रत्यक्ष पाच वर्षं राहिलेले हवेत, त्यातली दोन वर्षं वयाच्या चौदानंतरची, आणि पालकाची वर्षं भरत नसतील तर नागरिक असलेल्या आजीआजोबांची धरता येतात. मुलाला तात्पुरतं का होईना कायदेशीर व्हिसावर अमेरिकेत यावं लागतं आणि सगळं अठराच्या आत पूर्ण व्हावं लागतं. सुट्टीत आलो की करू म्हणून होत नाही, आधीपासून तारखा जुळवाव्या लागतात.

*मी आधी नागरिक झाले, बाळ नंतर भारतात जन्मलं.* मग हा मागून येण्याचा प्रकारच नाही, बाळ जन्मतःच नागरिक असू शकतं. नवराबायको दोघं नागरिक असतील तर त्यातला एक जण कधीतरी अमेरिकेत राहिलेला असला की पुरे. एकच नागरिक असेल तर त्याची बाळाच्या जन्माआधी अमेरिकेत पाच वर्षं, दोन चौदानंतरची. आणि यात चांगली गोष्ट अशी की ती वर्षं नागरिक झाल्यानंतरचीच लागत नाहीत, स्टुडंट व्हिसावरची, एच-१बी या वर्क व्हिसावरचीही मोजतात. जुने पासपोर्ट फेकू नका ते याचसाठी, त्यावरचे शिक्के कामाला येतात. बाळाची नोंद अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये करायची, त्या दाखल्याला कॉन्सुलर रिपोर्ट ऑफ बर्थ अब्रॉड म्हणतात, आणि तो अठराच्या आतच काढता येतो.

आईबाबांच्या अर्जात काय अडतं?

मुलाचं सगळं तुमच्या शपथेवर टांगलेलं, म्हणून हेही थोडक्यात. पाच वर्षांत निदान ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत हवेत. एकच ट्रिप सहा महिन्यांच्या वर गेली तर प्रश्न येतो, वर्षावर गेली तर सलग वास्तव्य तुटलं असंच धरतात. सासूबाईंच्या आजारपणात आठ महिने जाऊन राहिलेली एक मैत्रीण आहे, तिने इथलं चालू असलेलं लीज, नवऱ्याची नोकरी, मुलांची शाळा आणि तिकडचे हॉस्पिटलचे कागद सगळं नेलं आणि तिचं मंजूर झालं, पण ते कागद तिने आधी जमवलेले होते.

नागरिकशास्त्राची परीक्षा बदललीय. २० ऑक्टोबर २०२५ पासून टाकलेल्या अर्जांना १२८ प्रश्नांची नवी यादी, त्यातले २० पर्यंत विचारतात, १२ बरोबर लागतात. त्याआधीच्या अर्जांना १०० ची यादी, १० पैकी ६. वय ५० आणि ग्रीन कार्डवर २० वर्षं, किंवा ५५ आणि १५ वर्षं, अशांना इंग्रजीची सूट आहे आणि नागरिकशास्त्राचे प्रश्न आपल्या भाषेत देता येतात, दुभाषी घेऊन. आजीआजोबांना हे जरूर सांगा. एन-४०० ची फी ऑनलाइन ७१०, कागदावर ७६० डॉलर, ठरावीक उत्पन्नाच्या खाली असाल तर ३८०.

इंटरव्ह्यू होऊन १२० दिवस गेले तरी निर्णय नाही, तर फेडरल कोर्टात जाता येतं, हा हक्क कायद्यातच आहे. मुलाचा अठरावा जवळ आलेला असेल तर याबद्दल वकिलाशी बोला.

वकील लागतोच का, आणि कोण खरा?

साधी केस असेल, लग्न टिकलेलं, मूल घरात, सगळ्यांची ग्रीन कार्डं, अटक नाही, लांब ट्रिपा नाहीत, टॅक्स भरलेला, तर फॉर्म स्वतः भरता येतात, मी भरलेत. पण अटक झालेली असेल, अगदी केस रद्द झाली असली तरी, दारू पिऊन गाडी चालवल्याचं प्रकरण असेल, ग्रीन कार्डच्या वेळचे कागद आणि आत्ताचे जुळत नसतील, ताब्याचा किंवा दत्तकाचा प्रश्न असेल, मुलाच्या अठराव्याला वर्षाच्या आत वेळ उरला असेल, तर निदान एक तासाचा सल्ला विकत घ्या. फॉर्म तुम्हीच भरा, पण सल्ला घ्या.

यात आपले लोक एका शब्दाला फसतात. भारतात नोटरी म्हणजे वकीलच असतो. अमेरिकेत नोटरी म्हणजे फक्त सहीचा साक्षीदार, त्याला इमिग्रेशनचा सल्ला द्यायचा अधिकार नाही. "कन्सल्टंट", "फॉर्म भरून देणारे", देवळाबाहेर टेबल टाकून बसणारे, कुणालाच नाही. अधिकार दोघांनाच, कुठल्याही एका राज्याच्या बारचा, म्हणजे वकिलीचा, परवाना असलेला वकील, आणि न्याय खात्याने मान्यता दिलेल्या ना-नफा संस्थेतला मान्यताप्राप्त प्रतिनिधी. इमिग्रेशनचा कायदा सगळ्या देशाला एकच असल्यामुळे वकील दुसऱ्या राज्यातला चालतो. त्याचं नाव त्या राज्याच्या बारच्या साइटवर तपासा, प्रतिनिधीचं नाव न्याय खात्याच्या यादीत. ना-नफा संस्थांकडे फी कमी असते, काही ठिकाणी नसतेच. तुमच्या वतीने काम करणारा जी-२८ नावाचा फॉर्म भरून स्वतःचं नाव सरकारला कळवतो. जो म्हणतो माझं नाव कुठे नको, तुम्हीच सही करा, त्याच्याकडून उठा. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने अशा माणसाला पैसे दिले, त्याने एकोणीस वर्षांच्या मुलाचा एन-६०० टाकला, तोही आईची शपथ मुलाच्या अठराव्यानंतर झालेली असताना. तो नामंजूरच होणार होता. फी गेली ती गेली, पण मधल्या काळात मुलाला वाटत होतं आपण सिटिझन आहोत.

आणि ते वाटणं धोक्याचं आहे. नागरिक नसताना मतदार नोंदणीच्या खिडकीवर "हो, मी नागरिक आहे" अशी खूण करणं, मत देणं, याला इमिग्रेशनच्या कायद्यात जवळजवळ माफी नाही, ग्रीन कार्डही जाऊ शकतं. सतरा-अठराची मुलं ड्रायव्हिंग लायसन्स काढायला जातात आणि त्याच स्क्रीनवर मतदार नोंदणीचा प्रश्न येतो. मुलाला त्याआधी घरात नीट सांगा की तू काय आहेस आणि काय नाहीस.

आणि भारताचा पासपोर्ट?

भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही, १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की भारताचं संपतं. मूल अमेरिकन नागरिक झालं की भारतीय कॉन्सुलेट त्याचाही भारतीय पासपोर्ट सरेंडर करायला सांगतं, मग सरेंडर सर्टिफिकेट, मग ओसीआय कार्ड. ओसीआय म्हणजे भारतात कधीही येण्याजाण्याचा आजन्म परवाना, मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. विशीच्या आत मुलाचा पासपोर्ट बदलेल तेव्हा नवा पासपोर्ट आणि फोटो पोर्टलवर अपलोड करायचा, आणि विशीनंतरच्या पहिल्या पासपोर्टला कार्ड एकदा नवीन काढायचं.

नागरिक झाल्यावर भारतीय पासपोर्ट वापरला तर दंड आहे, आणि अमेरिकन नागरिकाने अमेरिकेत येताजाताना अमेरिकन पासपोर्टच दाखवायचा असतो. म्हणजे शपथ झाली की मुलाला त्याच्या जुन्या पासपोर्टवर आणि ग्रीन कार्डवर सुट्टीला न्यायचं नाही. आम्ही नेलं होतं, दोनदा, माहीत नव्हतं म्हणून, नंतर सरेंडरच्या वेळी दंड भरला. तुम्ही तिकिटं शपथेच्या तारखेनंतर काढा, मध्ये मुलाचा पासपोर्ट आणि ओसीआय होईल एवढे महिने सोडून.